डोळा टेकला तिथे

प्रिय इलोना,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखून तू पत्र लगेच फोडलं नसशील, अशी माझी अटकळ आहे. तुझं पत्र मला आलं असतं तर मीही आधी कपडे वाळत घातले असते, कुत्र्याला फिरवून आणलं असतं, आणि मगच ते हातात घेतलं असतं. इथे ॲडलेडला फेब्रुवारीनं नुसता वैताग आणलाय. वारा उत्तरेकडून येतो, तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. अंगणातलं गवत केव्हाच वाळून गेलं, आता पायाखाली कुरकुरतं. तुझ्या होबार्टला मात्र संध्याकाळी स्वेटर लागत असेल. बघ, सुरुवातीलाच हेवा. तेव्हा आधीच सांगून टाकते की हे पत्र बरंचसं मत्सराचंच आहे. पण तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही, म्हणून शेवटपर्यंत वाच.

ऑफिसच्या बातम्या थोड्याच आहेत. पेट्रोसनं पुन्हा एकदा सिगारेट सोडली आणि त्या बदल्यात तो साहेबाच्या हक्कानं सगळ्यांच्या टेबलावरचे बदाम खातो. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर बसवलाय. तुझं यंत्र कपाटात नाही, वापरात आहे. ते कोण वापरतं हे पुढे येईलच. खिडकीखालच्या झाडावरची मॅगपाय यंदाही वसंतात प्रत्येकाच्या डोक्यावर झेप घेत होती. फक्त तुला कधी तिनं त्रास दिला नव्हता, हे मी पेट्रोसला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पक्ष्यांचंसुद्धा तू लक्षात ठेवतेस का? ठेवते. काय करणार.

तू आलीस तेव्हाची गोष्ट मला आठवते. सिडनीहून आलेली बाई, आणि तिच्या पिशवीत पट्टीएवढं काळं यंत्र. ते स्क्रीनच्या खाली चिकटवायचं, समोरच्या माणसाला पडद्यावरच्या ठिपक्यांकडे एकामागून एक बघायला लावायचं, की झालं. मग त्याचे डोळे कुठे वळले, कुठे थबकले, किती वेळ थबकले, सगळं यंत्र टिपणार, आणि शेवटी पानावर रंग सांडल्यासारखं चित्र काढून देणार. जास्त बघितलं तिथे लाल, थोडं बघितलं तिथे हिरवं, बघितलंच नाही तिथे काही नाही. अख्खं ऑफिस तुझ्या खुर्चीमागे गोळा झालं होतं. माझं काम तुला ठाऊकच आहे. माणसाच्या शेजारी खुर्ची ओढायची, त्याला चहा करून द्यायचा, त्याच्या हातात वेबसाइट द्यायची आणि ‘आता काय करताय, का करताय’ असं विचारत राहायचं. वर्षानुवर्षं मी तेच करत आले आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या खुर्चीमागे मात्र कधी कुणी गोळा झालं नाही.

कॅरिंगा नगरपरिषदेचं काम आलं तेव्हा तर तू मला सरळ सरळ मात दिलीस. डोंगरातल्या गावांसाठी वणव्याच्या इशाऱ्याचं पान. मी बोलावलेल्या लोकांना मी विचारलं होतं की बंद रस्त्यांची सूचना दिसली का. सगळे म्हणाले, हो हो, दिसली की, उजवीकडे खाली होती. मी तसा अहवाल दिला. मग तू त्याच पानावर तुझं यंत्र लावलंस आणि त्या कोपऱ्यात रंगाचा एक थेंबसुद्धा पडला नाही. कुणाचाही डोळा तिकडे फिरकलाच नव्हता. लोक खोटं बोलत नव्हते. मी चहा दिला, गोड बोलले, त्यांना मला नाराज करायचं नव्हतं, आणि ‘हो’ म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. सूचना उचलून पानाच्या माथ्यावर नेली गेली. पेट्रोसनं तुझ्या पाठीवर थाप मारली. मीही टाळ्या वाजवल्या. आतून मात्र मला वाटत होतं की माझ्या इतक्या वर्षांच्या ऐकण्यावर कुणीतरी ओलं फडकं फिरवलं.

तरी आपण मैत्रिणी झालो, हेही तितकंच खरं. तू एकटी होतीस, म्हणून मी तुला रविवारी घरी बोलावलं, आणि मग तो पायंडाच पडला. तू तुझ्या आजीच्या पद्धतीचा खसखशीचा रोल आणायचीस. डूगल शेगडीवर सॉसेज भाजायचा. डोंगरातून त्याची आई यायची. माझ्या सासूबाईंना, हेस्बांना, तुझा रोल इतका आवडला की त्यांनी कृती लिहून मागितली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या हातचं काही दुसऱ्यांदा मागितल्याचं मला आठवत नाही. आणि डूगल. दिवसभर ग्लेनेल्गची ट्राम चालवून आलेला माणूस घरात मोजून शब्द खर्च करतो. तुझ्यापुढे मात्र ट्राममधल्या एकेका प्रवाशाच्या नकला करून दाखवायचा. त्या नकला मी त्याआधी कधीच पाहिल्या नव्हत्या. मी सॅलड ढवळत हसायचे आणि बीटचा लाल रस सगळ्या काकड्यांना लागेपर्यंत ढवळत राहायचे.

त्या जुलैतल्या चाचणीचा दिवस तूही विसरली नसशील. परिषदेला पानावर अग्निशमन अधिकाऱ्याचा चेहरा हवा होता. त्यांचा खरा फोटो वेळेवर आला नाही, म्हणून तूच नारिंगी शर्ट चढवून उभी राहिलीस आणि आपण तुझा फोटो लावला. शेजारी दोनच शब्द, ‘आत्ताच निघा’. बोलावलेल्यांपैकी एक जण आलाच नाही. नेमका डूगल माझ्या गाडीची किल्ली द्यायला आला होता, तर पेट्रोसनं त्यालाच धरून बसवलं. मी काचेपलीकडे उभी. दोन-चार मिनिटांत चित्र तयार झालं. सगळं पान फिकट, आणि तुझ्या चेहऱ्यापासून गळ्यापर्यंत हा एवढा लालभडक डाग.

पेट्रोसच्या जिभेला हाड नाही, हे आपण जाणतोच. तो म्हणाला, “मेरिन, तुझ्या नवऱ्याला वणवा दिसतच नाही गं. त्याला आपली इलोनाच दिसते.”

सगळे हसले. डूगल खुर्चीतून उठला, त्याचे कान लाल झाले होते, आणि किल्ली टेबलावर ठेवून तो निघून गेला. मीही हसले. मला वाटतं सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. एरवी संशय हा धुरासारखा असतो, हातात येत नाही. मला तर तो रंगीत छापून मिळाला होता.

तू लगेच पुढे होऊन बाकीच्यांची चित्रं दाखवलीस. जवळजवळ प्रत्येकाचा लाल डाग तुझ्या चेहऱ्यावरच होता, म्हातारा असो की तरुण, बाई असो की पुरुष. चेहरा दिसला की डोळा तिकडे धावतो, तान्ह्या मुलाचासुद्धा, असं तू सांगितलंस. मी ऐकलं, पण वरवरच. दुसऱ्या दिवशी बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले की चेहरा काढा. लोक चेहऱ्याकडे बघत बसतात आणि ‘आत्ताच निघा’ या शब्दांवर डोळा जेमतेम ठरतो. इशाऱ्याच्या पानावर असली चैन परवडणार नाही. पुरावा तर भिंतीवर टांगलेलाच होता. इलोना, त्या वादाची गंमत मला आज कळते. यंत्र तुझं, आणि यंत्राची बाजू घेऊन भांडत होते मी. आणि तू, जिनं ते यंत्र आणलं, ती माझ्या जागी बसून बोलत होतीस.

तू म्हणालीस, “डोळा कुठे टेकला एवढंच ते सांगतं. का टेकला, हे त्याला विचारू नकोस. आणि दोन शब्द वाचायला डोळा टेकावा लागत नाही, ओझरते दिसले तरी कळतात.”

मी म्हटलं, भिंतीवर जे आहे ते आहे. तू माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंस. मग कागद गोळा केलेस. चेहरा निघाला. त्या जागी पिवळ्या पट्टीवर मोठ्या काळ्या अक्षरांत शब्द आले, पुन्हा चाचणी झाली, आणि या वेळी सगळ्यांचे लाल डाग बरोब्बर शब्दांवर. पेट्रोस खूश. मी तर काय, जिंकलेच होते.

सप्टेंबरात तू होबार्टची नोकरी घेतलीस. बंदराजवळचं घर, चांगला पगार, थंड हवा, अशी कारणं तू एकेक करून सांगितलीस. ती इतकी रास्त होती की मला त्यांच्यावर विश्वास ठेवावाच लागला. तुझा निरोपसमारंभ आमच्याच अंगणात झाला. आता तुला सांगते, त्या दुपारी मी तुला निरोप देत नव्हते, मी पहारा देत होते. माझं सगळं लक्ष डूगलवर होतं. आणि त्यानं अख्ख्या दुपारभर तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तुला ताट दिलं ते ताटाकडे बघून. तुझ्याशी बोलला ते कुंपणाकडे बघून. तू हात पुढे केलास तेव्हा तो तुझ्या घड्याळाकडे बघत होता. त्या दिवशी तुझं यंत्र त्याच्यापुढे लावलं असतं, तर तुझ्या जागी कोरा कागद निघाला असता. सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, काहीच नाही. मला मात्र त्या कोऱ्या जागेनं जेवढं भाजलं तेवढं त्या लाल डागानंही भाजलं नव्हतं. तू गेल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. मी फक्त भांडी जरा जोरात घासू लागले.

मग डिसेंबरातला वणवा. तुझ्यापर्यंत बातमी आली असेल, पण आतली हकीकत कुणी सांगितली नसेल. सकाळपासूनच उकाडा असा होता की पक्षीसुद्धा चोच उघडी ठेवून बसले होते. दुपारी कॅरिंगाच्या मागच्या डोंगरावर धूर दिसला आणि आपलं पान परिषदेनं पिवळ्या पट्टीसकट सुरू केलं. मी ऑफिसातून सासूबाईंना फोन लावत होते, तो नुसता वाजत होता. मी डूगलला कळवलं. त्यानं ट्राम दुसऱ्याच्या हवाली केली आणि गाडी काढली. तो नेहमी घळीतल्या रस्त्यानं जातो. लहानपणापासूनचा रस्ता, डोळे मिटून जाईल असा. निघण्याआधी त्यानं मोबाईलवर पान उघडलं, आणि अगदी माथ्यावर, पहिल्याच ओळीत, घळीचा रस्ता बंद असल्याचं लिहिलेलं होतं. तो डोंगराच्या धारेवरच्या लांबच्या रस्त्यानं गेला. घळीत त्या दुपारी दोन गाड्या अडकल्या. माणसं सुखरूप बाहेर आली, पण गाड्यांचा नुसता सांगाडा उरला. ती ओळ माथ्यावर कुणामुळे गेली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी घरी गेले आणि तो परत येईपर्यंत खिडकीशी उभी होते. माझा नवरा तुझ्यामुळे घरी येणार, याचं समाधान एकीकडे, आणि तो तुझ्यामुळे येणार, ही ठसठस दुसरीकडे. दोन्ही एकाच छातीत कसं मावतं, देव जाणे.

हेस्बा घरीच होत्या. डोक्याला ओलं फडकं बांधून, नळी हातात घेऊन पेअरच्या झाडांवर पाणी मारत होत्या. डूगलनं त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. कोंबड्यांचं खुराडं, पेअरची सगळी झाडं आणि गवताची शेड गेली. वारा फिरला म्हणून घर वाचलं. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात त्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या भुवयांवर राख होती. मी जरा कडकपणेच विचारलं की तुम्ही पान उघडलं नव्हतं का, ‘आत्ताच निघा’ वाचलं नाही का.

त्या म्हणाल्या, “वाचलं की. दोनदा वाचलं. पण मला सांगितलं कुणी नव्हतं.”

डूगल चिडला, म्हणाला की आई, तेच तर सांगणं असतं. त्या म्हणाल्या की पाटीवर लिहिलेलं असतं ते सगळ्यांसाठी असतं. रस्त्यावर तर ‘कांगारूंपासून सावध’ अशीही पाटी आहे, म्हणून आपण घरात बसून राहतो का? मग शेजारीण निघेल तेव्हा निघू, असं ठरवून त्या नळी घेऊन बाहेर गेल्या. शेजारीणही आपल्या खिडकीतून हेस्बा कधी निघतात याची वाट बघत बसली होती. यात मला काही शिकवावं असा त्यांचा हेतू नव्हता. त्या बिचाऱ्या दमलेल्या होत्या आणि त्यांना त्यांच्या कोंबड्यांचं दुःख होतं. पण मी चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. वाचलं. दोनदा वाचलं. म्हणजे त्यांच्यापुढे यंत्र असतं तर पिवळी पट्टी लालबुंद झाली असती आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

मी हे एका म्हातारीचं म्हणणं म्हणून सोडून देऊ शकले असते. कुणी विचारलंही नसतं. नाताळ झाल्यावर मी दोन्ही पानं घेतली, तुझ्या चेहऱ्याचं आणि बिनचेहऱ्याचं, आणि डोंगरात गेले. या वेळी मी तुझं यंत्रही नेलं. होय, मीच वापरते ते आता, शिकले. आधी यंत्रानं टिपायचं, मग त्याच माणसाला त्याच्याच डोळ्यांचा माग दाखवायचा आणि शेजारी खुर्ची ओढून विचारायचं की इथे काय चाललं होतं मनात. द्राक्षमळा असलेलं एक जोडपं, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला एक गृहस्थ, नवीनच राहायला आलेली एक नर्स, असे बरेच जण. पिवळ्या पट्टीवर सगळ्यांचा डोळा थांबत होता. का थांबत होता? बसवाले गृहस्थ म्हणाले की मी विचार करत होतो, ही पाटी खरी की तालमीची. नर्स म्हणाली की मी शोधत होते हे कुणी लिहिलंय ते. म्हणजे पट्टीवर एवढा लाल डाग पडत होता तो खात्रीनं नव्हे, शंकेनं. आणि तुझा चेहरा असलेल्या पानावर डोळा चेहऱ्यावर जायचा, शब्दांना नुसता चाटून जायचा, पण विचारलं तर शब्द प्रत्येकाला पाठ. मळेवाल्या बाई म्हणाल्या की अशी पोरगी कॅमेऱ्यात बघून ‘निघा’ म्हणत असेल तर मी पर्स शोधत नाही बसणार. बहुतेक जण तुझं ऐकून निघाले असते. पाटीचं ऐकून बहुतेक जण आधी शेजाऱ्याला फोन करणार होते.

डोंगरावरून खाली येताना मी गाडी एका वळणावर थांबवली. समोर जळून काळा झालेला उतार होता आणि झाडांच्या काळ्या खोडांतून हिरवी पालवी फुटू लागली होती. मला ती शोभा बघायची नव्हती. मला रडायचं होतं, रागानं. माझ्याच पद्धतीनं, माझ्याच खुर्चीवर बसून मी तुझं म्हणणं सिद्ध केलं होतं. एखाद्या परक्यानं केलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

त्या आठवड्यात मी डूगलला विचारलं. रविवार होता, तो शेगडीची जाळी घासत होता. मी जुलैतलं ते चित्र त्याच्यापुढे धरलं आणि जसं डोंगरातल्या लोकांना विचारलं तसंच त्यालाही विचारलं, इथे काय चाललं होतं मनात. त्यानं चित्र हातात घेतलं, जरा वेळ पाहिलं, आणि हसला. म्हणाला की तिच्या शर्टाची बटणं चुकली होती, एक वरचं खालच्या काज्यात, कॉलर एका बाजूनं वर आलेली. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याचा फोटो आणि कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, हे मी बघत होतो. मी चित्राखालून मूळ फोटो काढला. खरंच चुकली होती, इलोना. आपण सगळ्यांनी तो फोटो शंभरदा पाहिला असेल.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी विचारणारी बाई. मी म्हटलं, मग निरोपाच्या दिवशी तू तिच्याकडे एकदाही का नाही पाहिलंस? त्याचा घासणारा हात थांबला.

तो म्हणाला, “कारण मला ती आवडायची. मी तिला कधी बोललो नाही. पण तिला कळलं होतं, मेरिन. म्हणूनच गेली ती.”

तो पुन्हा जाळी घासू लागला. थोड्या वेळानं म्हणाला की तू विचारलंस म्हणून सांगितलं, आणि मी इथेच आहे, कुठे जाणार नाही. तो खरं बोलतो. जे बोलायचं नसतं ते बोलतच नाही, पण बोलतो ते खरं. त्या दिवशी आम्ही न बोलता जेवलो, आणि मग रोज थोडं थोडं बोलू लागलो. अजून बोलतोय. आता कधी कधी तो माझ्यापुढेही ट्राममधल्या नकला करतो. पहिल्यांदा केली तेव्हा आम्ही दोघंही ओशाळलो. चांगली करतो मात्र.

सोमवारी मी पेट्रोसपुढे डोंगरातला अहवाल ठेवला. त्यात सगळं लिहिलंय. बंद रस्त्यांची ओळ यंत्रानं पकडली आणि ती माथ्यावरच राहावी. माझ्या प्रश्नांनी ती कधीच सापडली नसती. पण चेहरा काढणं चूक होतं. ते यंत्राला कळण्यासारखं नव्हतं, माणसाशेजारी बसूनच कळलं. एकटं यंत्र नको आणि एकटी मीही नको. पेट्रोसनं बदाम चघळत दोनदा वाचलं आणि मला विचारलं की चेहरा परत लावायचा म्हणजे कुणाचा, हे तुला कळतंय ना. परिषदेतले लोकही म्हणतात की लोकांनी जिचं ऐकलं तीच हवी, आणि या वेळी नुसता फोटो नको, तिनं बोलून सांगायला हवं. मी म्हटलं, कळतंय. शर्टाची बटणं मात्र मी लावणार.

तर आता, का लिहिलं ते. येत्या आठवड्यात तुला पेट्रोसचं अधिकृत बोलावणं येईल, पुढच्या उन्हाळ्याच्या आधी सगळं काम नव्यानं करायला, सहा महिन्यांसाठी, माझ्या जोडीला. तुझं नाव मीच सुचवलंय. ते वाचून तू नकार देशील, आणि कारणं पुन्हा रास्त असतील, थंड हवा, बंदराजवळचं घर. म्हणून मला आधी तुला गाठायचं होतं. तू माझं घर राखायला स्वतःचं बस्तान हलवलंस, कुणाला एका शब्दानं न सांगता, आणि मी त्याच काळात तुझा राग राग करत होते. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते मानते. मत्सर गेलेला नाही, गैरसमज नको. तू आलीस की डूगल कुठे बघतो आणि कुठे बघत नाही, हे मी बघणारच, आणि तो ते जाणून आहे. हे पत्र त्यानंही वाचलंय. तुझी राहायची सोय हेस्बांकडे केलीय. त्यांच्याकडे नवं खुराडं झालंय आणि त्यांना कुणीतरी हवंय. पण इलोना, पुढच्या डिसेंबरात डोंगरातल्या कुणीतरी पान उघडलं आणि पाटी वाचून नळी घेऊन बाहेर गेलं, तर ते मला सोसणार नाही. त्यापेक्षा तू माझ्या डोळ्यांसमोर असलेली मला सोसेल. ये. विमानतळावर घ्यायला मी येईन. एकटीच.

तुझीच
(हा शब्द लिहिताना पेन जरा थांबलं होतं, पण लिहिला)
मेरिन